एका फोटोत त्रेसष्ट माणसं

"एक क्लिक, आबा! फक्त एक क्लिक!" सोपाननं सासऱ्यांच्या ओसरीवर बसून चुटकी वाजवली, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

म्हणजे बघा, सोपानचा कामशेतला फोटो स्टुडिओ. उर्शापासून तिकोणा पेठेपर्यंत कुठलंही लग्न असो, कॅमेरा सोपानचाच. पंधरा वर्षांचे फोटो कॉम्प्युटरात ठासून भरलेले, कणगीत भात भरावा तसे! सासरे केरबाआबा मात्र या धंद्याला धंदा मानायला तयार नव्हते. दर दिवाळीला फराळाचं ताट पुढं सरकवत विचारायचे, "फोटोचं ठीक हाय, पाव्हनं. पन काम काय करता?" लाडू सोपानच्या घशातच अडकायचा.

आता रविवारी आबांची पंचाहत्तरी होती, तिकोणा पेठेत, अख्ख्या गावासमोर. सोपाननं बेत केला. इतक्या वर्षांच्या लग्नांमधून आबा शोधून काढायचे, त्यांची झकास फिल्म करायची आणि भर मांडवात पडद्यावर दाखवायची. मग आबा आपल्या तोंडानं कबूल करणार, की जावई कामाचा आहे! चेहरे ओळखून फोटो निवडणारं सॉफ्टवेअर त्यानं नुकतंच घेतलं होतं.

"एका क्लिकमधी मी सापडनार?" आबा म्हणाले. "हितं माजा चष्मा सापडंना कालपास्नं!"

घरी येऊन सोपाननं क्लिक केलं. स्क्रीनवर एक चक्र फिरायला लागलं. सोपाननं चहा घेतला, अंघोळ केली, जेवला, एका बारशाचे फोटो काढून आला, तरी चक्र आपलं फिरतंच आहे! खाली आकडा होता, एक टक्का.

"अहो, बंद पडलंय का ते?" बायकोनं, सवितानं विचारलं.

"बंद नाही. विचार करतंय."

"तुमच्यावरच गेलंय म्हणायचं!"

सोपान पेटला. त्यानं बाकीचे प्रोग्रॅम बंद केले, अँटिव्हायरस काढून टाकला, नवी रॅम आणून बसवली. त्या गडबडीत कॉम्प्युटरचं झाकण बसेना आणि तो तापायला लागला, म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्यासमोर ठेवला. सविता पदरानं वारा घेत भाकऱ्या थापतेय आणि कॉम्प्युटर मात्र लोणावळ्याला हवा खायला आल्यासारखा गार! त्याच्या बदल्यात त्यानं काय दिलं? दोन टक्के.

शेवटी सोपाननं सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. पलीकडे प्रेरणा नावाची मुलगी होती. तिनं बसल्या जागेवरून त्याच्या कॉम्प्युटरात डोकावून पाहिलं.

"सर, तुमच्या एका फोटोत साधारण किती माणसं असतात?"

"दोन. नवरा आणि नवरी."

"इथं त्रेसष्ट दिसतायत, सर."

"ओ ताई! मी स्वतः काढलाय तो फोटो. स्टेजवर दोघंच होते. त्रेसष्ट चढले असते तर स्टेज खाली बसलं असतं!"

"सर, सॉफ्टवेअर मोजून सांगतंय."

"मग मी काय डोळे मिटून फोटो काढतो?"

तावातावानं त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. नवरा-नवरीच्या मागं फ्लेक्स! वर पुढारी, खाली निमंत्रक, त्याखाली समस्त भाऊकी, आणि उरलेल्या जागेत गॉगल लावलेलं मित्रमंडळ. आता आपल्याकडं फ्लेक्सशिवाय लग्न लागतं का? आणि फोटोत फ्लेक्सवरचा एखादा चुलता अर्धा कापला गेला, तर ती भाऊकी फोटोग्राफरला जन्मात ओळख दाखवत नाही. म्हणून सोपान दर वेळी मागं सरकून सगळी मुंडकी फ्रेममध्ये बसवायचा. या कसबाबद्दल तालुक्यात त्याचं नाव होतं. आणि ते बिचारं सॉफ्टवेअर पंधरा वर्षांचे गॉगलवाले ओळखत बसलं होतं!

"मागचे लहान चेहरे वगळा, सर," प्रेरणानं सुचवलं.

सोपाननं वगळले. अहो, कॉम्प्युटर असा सुटला, की शर्यतीच्या घाटातला बैलगाडाच! बघता बघता काम फत्ते. सापडलेले आबा, शून्य.

"असं कसं?" सोपान ओरडला. "आबा एक लग्न चुकवत नाहीत!"

"नाही चुकवत," सविता म्हणाली. "पण स्टेजवर कधी चढलेत? कायम मांडवाच्या टोकाला, भाताच्या घमेल्याशेजारी. आपल्या लग्नातसुद्धा तिथंच उभे होते."

म्हणजे आबा लहान चेहऱ्यांतच गेले! पुन्हा प्रेरणाला फोन. ती म्हणाली, "लहान चेहरे परत घ्या, पण सगळ्यांना ओळखायला लावू नका. त्यांचा एक फोटो द्या आणि तेवढाच चेहरा शोधायला सांगा."

सविताकडं आबांचा एकच धड फोटो होता, फेटा बांधून हात जोडलेला. सोपाननं तो दिला. रविवारी सकाळी पाहतो तर फोटोंचा ढीग! "आबांचा चेहरा आपोआप मोठा दाखवा" यावर टिचकी मारली, फिल्म तयार झाली, ती न बघताच पेनड्राइव्हवर घेतली आणि नवरा-बायकोनं तिकोणा पेठ गाठली.

मांडव भरला होता. पडदा उजळला. उर्शाचं लग्न. कॅमेरा नवरा-नवरीच्या डोक्यावरून हळूहळू वर सरकला आणि आबांवर थांबला. फेटा, जोडलेले हात. टाळ्या! मग सुदुंबऱ्याचं लग्न. फेटा, जोडलेले हात. मग तिसरं, चौथं, पाचवं. नवऱ्या बदलत होत्या, आबा तेच!

"आरं, ह्यो तर फ्लेक्सवरचा आबा हाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

सविताकडचा फोटो भाऊकीनं जिथंतिथं छापला होता, आणि सॉफ्टवेअरनं इमानदारीत तेवढाच वेचून आणला होता! आता आयुष्यभर दिवाळीला काय ऐकावं लागेल, या विचारानं सोपान वायर उपटायला धावला.

"थांबा! बंद करू नगा!" आबा खुर्चीतून उठले. पडद्याजवळ जाऊन त्यांनी नाक लावून पाहिलं. "बगा रं, पंधरा वर्सांत एक तरी सुरकुती पडली का? परत्येक लग्नात ताजाच्या ताजा!"

मांडव खदखदून हसला. आबांचे डोळे मात्र भरून आले होते. "मला वाटायचं, आपल्याला हितं कोन इचारतंय? म्हनून भाताजवळ उभा ऱ्हायचो. आन् ह्यांनी तर मला समद्या लग्नांत नवरीच्या डोक्यावर बसिवलंय! फोटो काडनं ह्ये लय मोटं काम हाय, आज कळलं मला."

सोपानला भरून आलं. पंधरा वर्षं या एका वाक्यासाठी थांबला होता तो!

"ज्यानं ह्यो फोटो काडला, त्याचा सत्कार झालाच पायजे," आबांनी जाहीर केलं.

सोपाननं कॉलर नीट केली, पुढं झाला आणि शालीसाठी मान वाकवली. आबांनी शालीची घडी आणि नारळ त्याच्या हातात दिला.

"पवनानगरच्या जानूनं काडलाय त्यो. म्हातारा आता स्टुडिओ बंद करून घरीच असतो. तुमच्या वाटंवरच हाय, पाव्हनं. जाता जाता एवडं देऊन या."

सविता तोंडाला पदर लावून इतकी हसली, की तिला बघून सोपानलाही हसू फुटलं. करतो काय! पवनानगरला गाडी थांबवून त्यानं आबांचा निरोप सांगितला. जानू हरखून गेला. शाल पांघरून, नारळ छातीशी धरून तो दारात ताठ उभा राहिला.

"सोपान, कॅमेरा हाय न्हवं गाडीत? मग काड की एक फोटो! आन् जरा मन लावून काड बाबा, केरबाचा आलाय तसा आला पायजे."