धापूबाईंचा एक आटा

केशरीचंदांच्या बंदुकीने आजवर एकाही जिवाला धक्का लावला नव्हता, यात नवल नव्हतं. जैनाघरची बंदूक ती, कागदावरच चालायची. नवल हे होतं की आताशा ती कागदालाही धक्का लावत नव्हती.

मंगरूळपीरच्या रायफल क्लबाची स्पर्धा रविवारवर आलेली. गेल्या दोन्ही वर्षी कप नेला होता त्यांच्या व्याह्यांनी, चांदमलांनी. आणि केशरीचंद लेकीला भेटायला गेले की चांदमल चहाच्या आधी कप दाखवत. यंदा कप आपल्याच दुकानात मांडायचा, या ईर्षेने केशरीचंदांनी बंदुकीवर दुर्बीण बसवून घेतली होती.

रोज संध्याकाळी माळावर ते दुर्बिणीचा स्क्रू फिरवून नेम मधोमध आणत. सकाळी पाहावं तर गोळी हातभर उजवीकडे!

"निजामुद्दीनमियां, हे काय भूत हाय?" त्यांनी क्लबातल्या दोस्ताला विचारलं. निजामुद्दीन बांगड्यांचे व्यापारी.

"गोळ्या एकाच जागी पडतेत ना? मंग हात साफ हाय शेठ. इस्कू कोनीतरी फिरवून राह्यलं. एक आटा फिरला का गोळी हातभर सरकते."

केशरीचंदांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाराआड उभे राहिले. त्यांची बायको धापूबाई मऊ कुंचल्याने बंदूक झाडत होत्या. ही त्यांचीच अट: बंदूक घरात राहील, पण रोज मी झाडीन, तिच्यात मुंगीसुद्धा मरता कामा नये. झाडून झालं, तशा त्या पुटपुटल्या, "रोजच कसा ढिला होते, माय!" आणि बरणीचं झाकण आवळावं तसा त्यांनी स्क्रूला एक आटा दिला.

केशरीचंद पाय न वाजवता मागे सरले. हात लावू नको म्हणावं तर अट मोडते, अट मोडली की बंदूक घराबाहेर. त्यापेक्षा त्यांनी दुकानदाराचं डोकं चालवलं. संध्याकाळी नेम बसवून झाला की स्क्रू एक आटा उलटा फिरवून ठेवायचा. सकाळी बायको तो आपोआप जागेवर आणते. शनिवारी सकाळी पहिलीच गोळी मधोमध! संसार असा करावा, असं त्यांना वाटलं.

रविवारी त्यांनी पाची गोळ्या ऐटीत झाडल्या. कागद आणला, तो कोरा. डावीकडे हातभर अंतरावर चांदमलांचा कागद होता. त्याच्या कडेला चांदमलांची भोकं विखुरलेली आणि मधोमध पाच, एकमेकांना चिकटून. जास्तीच्या भोकांचं काय करायचं, हे नियमांत नव्हतं. पंचांनी डोकं खाजवलं आणि चांगली पाच मोजली.

"इवाईबुवा, तुमी कोठी मारून राह्यले होते?" कप घेताना चांदमलांनी हळूच विचारलं.

घरी येताच केशरीचंद कडाडले, "आज बंदूक झाडली नाई काय?"

"झाडली ना! पन इस्कूले हात नाई लावला. काल निजामुद्दीनभाई बांगड्या घिऊन आले होते. म्या रोज इस्कू आवळतो म्हनलं, तं म्हने, वैनी, त्यानंच शेठचा नेम चुकते." धापूबाईंनी पदराला हात पुसले. "मले वाटलं, एकडाव तरी तुमी जिकले पाह्यजे."

केशरीचंदांचा राग जागच्या जागी विरला. ते पाटावर टेकले.

"कप कोनाले भेटला?"

"चांदमलले."

"अन् गोळ्या?"

"माह्याच."

धापूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "मंग पोरीच्याच घरी गेला ना? आंदनात दिला समजा."

पुढच्या खेपेला केशरीचंद लेकीकडे गेले, तेव्हा चांदमलांनी आधी चहा दिला. कपाचं नावही काढलं नाही.