अकरा अंगठे, दोन गुडघे

माणसाच्या प्रगतीच्या आड येणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याची अक्कल. अलीकडच्या शास्त्रीय परिभाषेत तिला 'जोखमीची भीती' म्हणतात, आणि ती तीन दिवसांत घालवून मिळते (चहाचे पैसे वेगळे).

या कथेतल्या लिफ्ट तपासनिसांकडे ही भीती मुबलक होती. किंबहुना तिच्याच जोरावर त्यांनी सव्वीस वर्षं नोकरी केली होती. कुठलाही दोर आज तुटणारच, असं धरून ते इमारतीत शिरत. गच्चीवरच्या खोलीत जाऊन मोटार बघत, ब्रेक बघत, खाली खड्ड्यात उतरून स्प्रिंगा बघत, कागदावर 'सुरक्षित' असा शिक्का मारत आणि जिन्याने घरी जात. त्यांनी तपासलेल्या लिफ्टमध्ये आजवर कोणी दगावलं नव्हतं. याची नोंद कुठल्याही अहवालात सापडत नाही, कारण न झालेल्या अपघातांसाठी कार्यालयाच्या तक्त्यात रकाना नाही.

घरात शिल्लक म्हणावी अशी एकच रक्कम होती, ती म्हणजे आईचे गुडघे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईचे दोन्ही गुडघे बदलावे लागतील, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तपासनिसांनी पोटाला चिमटा काढून चार वर्षांत दोन्हींची रक्कम जमवली होती. शस्त्रक्रिया पाच महिन्यांवर आली होती. (वाचकांच्या सोयीसाठी या कथेतले सर्व आकडे गुडघ्यांत दिले आहेत.)

अशा वेळी त्यांचा मेहुणा आला. या गृहस्थाने सहा वर्षांत सात धंदे केले होते. त्यांतला एकही बुडाला नव्हता. सगळे 'पुढच्या टप्प्यात' गेले होते.

"भाऊजी, तुमचा पैसा नुसता झोपलाय," तो म्हणाला.

"झोपू दे, दमलाय तो," तपासनिसांची बायको आतून म्हणाली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, आणि प्रत्येक गोष्टीची मुदत कधी संपते हे आधी बघायची तिला सवय होती. सख्ख्या भावाच्या बाबतीतही ती सुटली नव्हती.

मेहुण्याने धंदा समजावून सांगितला. माल दुसऱ्याचा, दुकान दुसऱ्याचं, पोहोचवणारा तिसराच. आपली फक्त इंटरनेटवर एक जाहिरात. कोणी ती दाबली की दर दाबण्यामागे आपण जाहिरात कंपनीला पैसे द्यायचे. दाबणाऱ्याने पुढे जाऊन वस्तू विकत घेतली, तर दुकानदार आपल्याला दलाली देणार.

"आणि नाही घेतली तर?" तपासनिसांनी विचारलं.

मेहुण्याने टाळी वाजवली. "बघा! हीच ती भीती!"

रोग सापडल्यावर उपचाराला उशीर करण्यात अर्थ नव्हता. एका मंगल कार्यालयाच्या तळघरात 'निर्भय उत्पन्न' नावाचं शिबिर होतं. शुल्क गुडघ्याचा आठवा भाग. शिबिरार्थी चौसष्ट. शिकवणाऱ्यांना सगळे 'सर' म्हणत, आणि सर बुटांच्या लेस न बांधता व्यासपीठावर चालत. पडण्याची भीती संपली की माणूस कसा दिसतो, याचं ते प्रात्यक्षिक होतं.

पहिल्या दिवशी सरांनी 'तोटा' हा शब्द बंद केला. त्याऐवजी 'शिक्षण' म्हणायचं. म्हणजे 'दहा हजारांचा तोटा झाला' असं न म्हणता 'दहा हजारांचं शिक्षण झालं' म्हणायचं. (अशा हिशेबाने मेहुणा त्या तळघरातला सर्वांत उच्चशिक्षित माणूस ठरला.) दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपलं पाकीट तासाभरासाठी अनोळखी माणसाच्या हवाली केलं. एकसष्ट पाकिटं परत आली. ज्यांची आली नाहीत, त्या तिघांना 'विशेष निर्भय' प्रमाणपत्र मिळालं. तिसऱ्या दिवशी पाहणी झाली. शिबिराआधी ब्याण्णव टक्के लोकांना पैसे जाण्याची भीती वाटत होती. शिबिरानंतर हे प्रमाण चार टक्क्यांवर आलं. पैसे जाण्याचं प्रमाण मोजलेलं नाही.

तपासनिसांची भीती शनिवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी गेली. गेल्यावर छातीत जरा रिकामं वाटलं, पण सर म्हणाले, तेच स्वातंत्र्य.

विकायला त्यांनी 'जिना-यंत्र' निवडलं. पाय ठेवायच्या दोन पट्ट्या, एक दांडा. उभं राहून पाय हलवत राहायचं. जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली: 'घरबसल्या रोज चाळीस मजले चढा!' (लिफ्ट खात्यातल्या माणसाने असं लिहावं का, हे त्यांनी वरिष्ठांना लेखी विचारलं. उत्तर यायचं आहे.)

जाहिरात सोमवारी सुरू झाली आणि चमत्कार झाला. दिवसभरासाठी ठरवलेली रक्कम सकाळी नऊच्या आत संपली. मंगळवारी साडेआठला संपली. इतके लोक इतक्या सकाळी जिने चढायला आतुर असतील, असं लिफ्ट खात्यात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. यंत्र मात्र एकही विकलं गेलं नाही.

"मागणी बघा!" सर फोनवर म्हणाले. "लोक दारापर्यंत येतायत. रक्कम दुप्पट करा."

"पण विकत कोणीच घेत नाही."

"हा प्रश्न कोण विचारतंय? तुम्ही, की तुमची भीती?"

तपासनिसांनी प्रामाणिकपणे विचार केला. भीतीच विचारत होती. त्यांनी रक्कम दुप्पट केली.

या काळात घरचं वातावरण उत्तम होतं, हे नमूद केलं पाहिजे. आई रोज बागेतून फिरून आली की विचारायची, "आज चाललं का रे दुकान?" आणि तपासनीस म्हणायचे, "जोरात, आई." खोटं बोलण्याचीही भीती उरली नव्हती. कार्यालयात मात्र एकदा एका लिफ्टच्या खड्ड्यात न उतरताच त्यांचा हात शिक्क्याकडे गेला. तो त्यांनी कसाबसा मागे घेतला, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सहाव्या आठवड्यात अर्ध्याहून अधिक गुडघा खर्ची पडला, तेव्हा बायकोने जाहिरात कंपनीचा अहवाल मागितला. तपासनिसांनी तो आजवर उघडला नव्हता. (आकडे बघणं हे भीतीचं पहिलं लक्षण, असं सरांनी सांगितलं होतं.) बायकोने चष्मा लावला.

"दाबणारे सगळे आपल्या घरापासून एका किलोमीटरच्या आत. वेळ सकाळी सात ते साडेआठ. बायका. वय पासष्टच्या पुढे." तिने चष्मा काढला. "अहो, ही आपली बाग आहे."

दुसऱ्या दिवशी तपासनीस बागेत गेले आणि पाण्याच्या टाकीमागे उभे राहिले. समोरच्या दोन बाकांवर आई आणि तिच्या दहा मैत्रिणी बसल्या होत्या. मधोमध बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशियरबाई होत्या, मांडीवर वही.

"आधी शब्द टाका, जि-ना-यं-त्र," त्या सांगत होत्या. "खालचं काही दाबू नका. वर 'जाहिरात' लिहिलंय तेच. एकीने सारखं दाबायचं नाही, कंपनी ते धरत नाही. पाळीपाळीने. चला, कोण राहिलंय?"

"माझं झालं, पण मोजलं का नाही कोण जाणे," एक बाई म्हणाल्या.

"मग सुनेच्या फोनवरून दाबा," आई म्हणाली.

तपासनिसांचे डोळे भरून आले. आपली आई, स्वतःच्या गुडघ्यांच्या पैशांतून, दुखऱ्या गुडघ्यांवर चालत येऊन, लेकाचं दुकान चालवत होती. ते आल्या पावली परत गेले. तोट्याची भीती गेली होती, साहेबाची गेली होती, सत्याचीही बऱ्यापैकी गेली होती. पण 'आई, तुझ्या मायेचे पैसे लागतात' हे तोंडावर सांगण्याची भीती शिबिराच्या अभ्यासक्रमात नव्हती.

त्यांनी सरांना विचारलं. सर म्हणाले, "याला निष्ठावान ग्राहकवर्ग म्हणतात. लोक आयुष्यभर शोधतात. रक्कम वाढवा."

असे आणखी तीन आठवडे गेले. उजवा की डावा ते ठरायचं होतं, पण एक गुडघा पुरता संपला. तेव्हा बायको म्हणाली, "आज तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते." त्या दुपारी तपासनीस आईसमोर स्टूल ओढून बसले. आई लोकरीचा गुंडा करत होती.

"आई, ती जाहिरात आहे ना... ती कोणी दाबली की मला पैसे मिळत नाहीत. माझे जातात."

"माहीत आहे," आई म्हणाली.

"माहीत आहे?"

"कॅशियरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या सगळं वाचून बघतात."

"मग दाबत का होतीस?"

आईने गुंडा मांडीवर ठेवला. ती धाग्याचं टोक शोधू लागली.

"पैसे संपले असते तर ऑपरेशन टळलं असतं," ती म्हणाली. "मला भीती वाटते रे. सगळे म्हणतात, काही नसतं त्यात, दुसऱ्या दिवशी चालवतात. तू चार वर्षं एक नवा शर्ट घेतला नाहीस. तुला नको कोणत्या तोंडाने म्हणू? म्हटलं, तुझ्याच हातून गेले तर बरं."

सरांनी अशा प्रसंगी काय करावं हे शिकवलं होतं. समोरच्याचे खांदे धरायचे आणि 'भीती हा भ्रम आहे' असं तीनदा म्हणायचं. तपासनिसांनी आईचे खांदे धरलेही. पण तोंडातून निघालं ते सव्वीस वर्षांच्या सवयीचं.

"नेमकी कशाची वाटते? एकेक सांग. मी लिहून घेतो."

भूल उतरलीच नाही तर. हाड ठिसूळ निघालं तर. वीज गेली तर. एकूण तेरा मुद्दे निघाले. चौदावा बायकोने घातला: आई रक्त पातळ राहण्याची गोळी घेते, ती आधी कधी बंद करायची? कागद घेऊन तिघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर सहाव्या मुद्द्यापर्यंत हसत होते, दहाव्याला घड्याळ बघत होते, आणि चौदाव्याला त्यांनी आईची फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. त्या गोळीची नोंद फाईलमध्ये नव्हती.

"बरं झालं विचारलंत," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

तपासनिसांना छातीत पुन्हा काहीतरी जागेवर आल्यासारखं वाटलं. शिल्लक एकाच गुडघ्याची होती, तेव्हा उजवा बदलला. ऑपरेशनच्या दिवशी आई घाबरलेलीच आत गेली आणि तपासनीस घाबरलेलेच बाहेर बसले, त्यामुळे कोणालाच एकट्याला घाबरावं लागलं नाही. आई आता काठी टेकत बागेत जाते. डाव्याचं बघू, असं ती म्हणते, पण पूर्वीसारखं कोणाची नजर चुकवून म्हणत नाही.

जाहिरात बंद झाली. सरांनी तपासनिसांचं नाव 'भीती परत आलेले' या यादीत टाकलं. मेहुणा पुढच्या टप्प्यात गेला. बाकावर मात्र पोकळी निर्माण झाली, कारण अकरा बायकांना सकाळी काहीतरी दाबायची सवय लागली होती. कॅशियरबाईंनी शोध घेऊन नवीन जाहिरात निवडली. 'भीती वाटते? निर्भय उत्पन्न शिबिर. आजच नाव नोंदवा.' सरांची दिवसाची रक्कम हल्ली नऊच्या आत संपते. मागणी बघून ते हरखले आहेत आणि रक्कम दर आठवड्याला दुप्पट करतात. त्यांना भीती वाटत नाही.

हे वाचून कोणाला तपासनिसांचं हसू आलं असेल, तर आमची हरकत नाही. फक्त हसून झाल्यावर, स्वतः टाकलेल्या शेवटच्या फोटोखाली ज्यांनी 'फारच सुंदर' असं लिहिलं आहे, ती नावं एकदा पाहावीत. त्यांतून आई, मावशी, दोन्ही आत्या आणि ज्याचं तुमच्याकडे काम अडलं आहे तो इसम वजा करावा. उरलेला आकडा कोणाला दाखवण्याचं बंधन नाही.