चार दिवसांची ट्रंक

दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या घरातलं अतिक्रमण हटवलं जातं. गळ्यात टेप अडकवून आत्या कपाटासमोर उभी राहते, दोन्ही दारं सताड उघडते आणि प्रत्येकाच्या कपड्यांची चळत मोजते. चळत सोळा इंचांच्या पलीकडे गेली की वरचे शर्ट सरळ पलंगावर. स्वेटरची एक बाही शेजारच्या हद्दीत लोंबताना दिसली, तर आख्खा स्वेटर बाहेर. "अतिक्रमण!" एवढा एकच शब्द. त्यावर अपील नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मी नऊ वर्षांचा असताना ती एक हिरवी पत्र्याची ट्रंक घेऊन ग्वाल्हेरच्या सासरहून आमच्या सीपरी बाजारातल्या दोन खोल्यांत आली. तिचं सासरी पटलं नाही, एवढंच मला सांगण्यात आलं. सदर बाजारातल्या एका दुकानासाठी ती घरबसल्या साड्यांना फॉल लावायची, म्हणून ती टेप. एकतीस वर्षं ती टेप तिच्या गळ्यात आहे आणि फास मात्र आम्हाला बसलाय.

घरात कपाट एकच. बिजौलीतल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून बाबांनी करून घेतलेलं, लोखंडी, चार कप्प्यांचं. सगळ्यात वर देवाचं सोवळं आणि घराचे कागद, त्याखाली बाबा, त्याखाली आई, आणि लहान म्हणून तळाला मी. या राज्याचा कायदा आत्यानं केला. "पाहुणा पिशवीत, घरचा कप्प्यात. कपाट म्हणजे धर्मशाळा नव्हे!"

सागर गावी राहणारे माझे मामा एकदा आठवडाभर राहायला आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा एक कुर्ता बाबांच्या कप्प्यात ठेवला. संध्याकाळी पाहतात तो कुर्ता पुन्हा त्यांच्या पिशवीत, आणि पिशवी खुंटीला.

"अहो ताई, एक कुर्ताच तर होता," मामा म्हणाले.

"कुर्ता बढिया आहे हो मामाजी," आत्या म्हणाली, "पण इथला रहिवासी नाही."

मामा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेले. आई पुढे आठ दिवस आत्याशी बोलली नाही, आणि मीही मनातल्या मनात तिला लाखोली वाहिली. मामा बिचारे माझ्यासाठी दरवेळी बॅट आणायचं कबूल करायचे. त्यानंतर ते आमच्याकडे मुक्कामाला आलेच नाहीत.

मी कॉलेजात असताना आई गेली. तिचा कप्पा वर्षभर तसाच होता. मग बाबा एका सकाळी म्हणाले, "रजयांना जागा नाही, त्या तिथं ठेवा." म्हणून आईच्या कप्प्यात रजया आल्या. मी तळालाच राहिलो, याचा मला केवढा राग आला होता! दुसऱ्या कुणाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

माझ्या लग्नाच्या दिवशी तर तिनं कहर केला. वर्षा माप ओलांडून आत आली. अजून पाणीसुद्धा प्यायली नव्हती, तेवढ्यात आत्यानं तिची सूटकेस उघडली आणि माझी अर्धी चळत पलंगावर फेकून तिथे वर्षाच्या साड्या लावायला घेतल्या. ओटीवर पाहुणे बसलेले, आणि माझे बनियन पलंगावर पसरलेले.

"अगं, रजयांचा कप्पा रिकामा कर ना!" मी ओरडलो.

"बायको तुझी आहे, रजयांची नाही."

वर्षा भांबावली. "आत्या, राहू द्या ना. मी लावीन सावकाश."

"आपल्या हातानं नसतं ठेवायचं, बेटा," आत्या घडी सारखी करत म्हणाली. "घरच्यांनी ठेवायचं असतं. आणि पहिल्याच दिवशी. सूटकेसवर एक रात्रसुद्धा काढायची नाही."

कायद्याचं आणखी एक कलम, एवढंच मी समजलो. पुढची सहा वर्षं आठ इंचांत संसार केला.

गेल्या थंडीत बाबा गेले. महिना-दीड महिना गेल्यावर एका रविवारी मी माझे शर्ट उचलून बाबांच्या कप्प्याकडे हात नेला. त्यांचे दोन कोट आणि मफलर बाजूला सरकवणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "अतिक्रमण!"

माझं डोकंच फिरलं. सहा वर्षांचं, नव्हे एकतीस वर्षांचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "तुला अजून किती जागा पाहिजे आत्या? आमच्या घरात येऊन आम्हालाच इंच मोजून देतेस! आधी तुझा कप्पा दाखव. तुझी चळत मोजू दे मला!"

आत्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दारातून वर्षा हळूच म्हणाली, "अहो, आत्यांचा कप्पा आहे कुठे?"

मी कपाटाकडे पाहिलं. सोवळं, बाबा, रजया, आम्ही दोघं. पुन्हा पाहिलं. मग पलंगाखालून ती हिरवी ट्रंक ओढली. आत सात-आठ साड्या होत्या आणि त्यांच्या वर पंचा, कंगवा, साबणाची डबी. गाडीला निघालेला माणूस वरच ठेवतो ना, तसं.

"हे काय आत्या?"

"दादा दारात म्हणाला होता, आलीच आहेस तर चार दिवस राहा. पुढचं काही बोलला नाही."

"अगं, पण तू रोज कपाट लावत होतीस! एक कप्पा घ्यायचा होतास."

"आपल्या हातानं ठेवून कुणी घरचं होतं का रे भैया?" ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, त्याचाच मला जास्त त्रास झाला. "दादा होता तोवर दादाची पाहुणी होते. आता कुणाची, ते कळेना झालंय."

माझे बाबा अबोल होते. सगळ्या नातेवाइकांत त्याचं कौतुक आहे. असल्या अबोलपणाला काय जाळायचंय? एक वाक्य बोलायचं होतं, आणि त्याला एकतीस वर्षं होती. पण बाबांना कोणत्या तोंडानं बोलू? बोलता मलाही येत होतं. पहिल्यांदा बोललो, ते 'आमच्या घरात येऊन'.

मी रजया ओढून काढल्या आणि पलंगावर फेकल्या. "अतिक्रमण," मी म्हणालो.

वर्षा मदतीला पुढे आली. मी तिला नको म्हटलं. मग आठवलं, तीही घरचीच, आणि तिच्या हातात एक साडी दिली. बाकीच्या मी लावल्या. जन्मात साडीची घडी घातली नव्हती. काठ एकीकडे, पदर दुसरीकडे. आत्या पलंगावर रजयांशेजारी बसून बघत होती. तिची बोटं सारखी वळवळत होती, पण ती उठली नाही. शेवटी मी साबणाची डबी मोरीत नेऊन ठेवली आणि रिकामी ट्रंक माळ्यावर टाकली.

परवाच्या रविवारी नऊ वाजता नेहमीसारखी तपासणी झाली. माझे दोन शर्ट आणि वर्षाचा एक दुपट्टा पलंगावर आला. रजयांचं गाठोडं कोपऱ्यात अजून तसंच आहे, त्यावरूनही बोलणी बसली. मग आत्या तिच्या कप्प्यासमोर आली. चळत एका अंगाला कललेली, सोळा इंचांच्या कितीतरी बाहेर, आणि माझ्या हातची एक जांभळी साडी पार आमच्या हद्दीत लोंबत होती.

आत्यानं टेप लावली. मोजलं. मग टेप पुन्हा गळ्यात अडकवली आणि त्या साडीला हातही न लावता कपाटाचं दार हळूच लोटून घेतलं.