रोज चाळीस मिनिटं मागे

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मंगळावरचं आहे, हे मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. शाळा दुसरीत सुटली, पण सांगण्यात मी कुणाला हार जात नाही.

नातीच्या शाळेत प्रदर्शन होतं. ती मला वाचून दाखवत होती. शुक्राची स्वतःभोवती एक गिरकी होईस्तोवर त्याचं वर्ष उलटून जातं म्हणे. गुरूचं एक वर्ष म्हणजे आपली बारा. तिथे मी जेमतेम सहा वर्षांची. "आणि आजी, मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीस मिनिटं मोठा."

मी ताडकन उठले. आमचं लंबकाचं घड्याळ रोज चाळीस मिनिटंच मागे पडतं!

आमचे हे घड्याळं दुरुस्त करायचे. जगाची सुधारली, घरचं जमलं नाही. रोज सकाळी स्टुलावर चढून काटे सरकवायचे. मी खाली स्टूल धरून त्यांचा उद्धार करायचे. "उद्या बघतो गं," म्हणायचे. तीस वर्षं उद्याच! ते गेल्यावर चावी तेवढी मी देते, दुसऱ्या कुणाला त्या घड्याळाला हात लावू दिला नाही.

"हेच ने शाळेत," मी नातीला म्हटलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलगा हसत आला. ह्यांचं दुकान आता तोच बघतो. "आई, शाळेत बाबांचं हसं नको. घड्याळ नीट केलंय. मिनिटाचा फरक नाही."

नातीने भोकाड पसरलं. "आता ते पृथ्वीचंच झालं!"

"मेल्या, विचारायचं तरी."

"अगं, बिघडलेलं होतं ते!"

"बिघडलेलं नव्हतं, मंगळाचं होतं. परत बिघडव."

"त्यात काय," म्हणत त्याने खिशातून एक पितळी चकती काढली. "लंबकाखाली तारेने बांधली होती. तिच्यामुळे तो सावकाश हलायचा. तारेचा पीळ बाबांच्या हातचा आहे, आई. मुद्दाम घातलेला."

मी गप्प झाले. सून दारात येऊन बघून गेली, मला बरं नाही की काय म्हणून.

भरलं घर होतं तेव्हा. हे दुकानात गेले की रात्रीपर्यंत त्यांचं तोंड दिसत नसे. आम्हा दोघांना बोलायला काय ते तेवढं स्टूल होतं. आणि बोलायचे मी एकटीच.

चकती परत बांधली. नातीचा दुसरा नंबर आला.

आता रोज सकाळी मुलगा स्टुलावर चढतो, मी स्टूल धरते. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत हा काटे सरकवून खाली! बापाला चांगली पंधरा मिनिटं लागायची. ते कसब याच्या हातात नाही.