सुभेदार चिपाडगड उतरले त्याची हकीकत

श्री ग्रामदैवताचे पायी मस्तक ठेवोन कृष्णाकाठचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक वद्य पंचमी, रविवासर. दिवाळीची सुटी सरोन शाळा उघडल्या, फराळाचे डब्यांत निव्वळ चकलीचा चुरा उरला, आणि थंडी लय कडक पडली.

ते दिवशी प्रातःकाळी राजश्री लालासाहेब सुभेदार, फौजेतून निवृत्त, उमर साठ, हे नात अंकिता इजपाशी बर्फाचे मुलुखातील आपला पराक्रम निवेदन करीत होते. तो खाशा रंगूबाईसाहेब यांणी बशीतील चहा फुंकोन पुसिले, "आणि शिडीचं सांगितलं का पोरीला?"

सुभेदारांचा नूर पालटला. कारण ऐसे की, पन्नास वर्षांमागे ऐशाच थंडीत पोरे शाळेआधी गुऱ्हाळावर जमत, आणि रस काढिल्या उसाचे चिपाडांची दोन पुरुष उंच गंजी रचिलेली असे तिजवर चढोन खालील मोकळे चिपाडांत उड्या घेत, आणि मग गरम काकवी चाटीत शाळेस जात. लालासाहेबही चढले, आणि खाली पाहिले, आणि मग शिडीने उतरले. हे मामाची लेक रंगू इणे देखिले. पुढे तिजसीच लग्न जाले. तेव्हापासोन घरात कोणताही तंटा निघो, निवाडा शिडीवर होई. सुभेदारांणी तीन पदके मिळविली, परंतु शिडीपुढे एकाचाही इलाज चालेना.

आता नात पुसो लागली, "कंची शिडी, आज्जा?" तेव्हा सुभेदारांणी बाका निश्चय केला की आज उडी घेवोन डाग धुवावा. गुडघ्यांस मलम चोळिले, कानटोपी चढविली, आणि मग स्कूटीवर पुढे नात, मागे रंगूबाईसाहेब, ऐसे ट्रिपल शीट कूच जाले.

गुऱ्हाळाचे धनी नेमिनाथअण्णा, सुभेदारांचे बाळपणचे स्नेही, चिपाडे जाळोन पेटविल्या चुलवाणापाशी शेकत होते. मोहीम ऐकोन त्यांणी अदबीने शिडी लाविली. सुभेदार चढले, आणि चहूंकडे ऊसतोडीचा मुलुख न्याहाळिला, आणि मग खाली पाहिले. पाठ फिरवोन पाय शिडीवर टाको गेले, तो पायाखाली वारा. रंगूबाईसाहेबांचे नजरेची इशारत पावताच अण्णांणी शिडी काढिली होती.

"नेम्या, शिडी लाव रं."

अण्णा आडव्या शिडीवरच बसोन बोलिले, "शिडी चुलवाणात गेली गड्या. आता उडी मार, न्हाईतर गंजी सरूस्तवर बस वर."

सुभेदारांणी वरोन हुकुमांवर हुकूम सोडिले, एकाचीही तामिली न जाली. खाली गावची पोरे आपापला नंबर धरोन तोंडे वर करोन उभी राहिली, आणि एकाने तर घरी जावोन न्याहारी करोन परत येणे केले. शेवटी अंकिता इणे मायेने हाक दिली, "आज्जा, येऊ व्हय वर, हात धराय?"

हे शब्द कानी पडताच सुभेदारांणी फौजी गर्जना केली आणि देह सोडिला.

छातीपर्यंत रुतले. कानटोपी एकीकडे गेली, कवळी सुदैवे ठायीच राहिली. नात टाळ्या पिटो लागली, परंतु सुभेदार हटोन बसले की, रंगूबाईसाहेब कबुली देतील तरच बाहेर येऊ. त्या चिपाडे तुडवीत जवळ आल्या, मिशीतले चिपाड वेचोन काढिले, आणि मग म्हणाल्या,

"मारली वं, मारली उडी. पर डोळं मिटून मारली."

येणेप्रमाणे चिपाडगड फत्ते जाला. उपरांत शिडीचे नाव घरात काढू नये, ऐसा करार उभयपक्षी ठरला. डोळ्यांविषयीचा मजकूर सुभेदारांचे सक्त हुकुमावरोन या कागदी लिहिला नाही.