जकातनानांची रिकामी गाडी

आमच्या केडगावात एक गृहस्थ रोज संध्याकाळी रिकामी हातगाडी ढकलत फिरायचे. गाडीवर ना भाजी, ना केळी, ना भंगार. आळीत नवीन आलेली एखादी बाई दारातून हाक मारायची, "ओ मामा, काय आणलंय?" मामा थांबायचे, टोपीने घाम पुसायचे आणि म्हणायचे, "वर न्हाई, खाली बघा." बाई वाकून बघायची, तर गाडीच्या चार चाकांमध्ये एक म्हातारं कुत्रं उभं! त्याच्या पोटाखालून धोतराचा पट्टा घेऊन तो वर गाडीच्या फळीला बांधलेला. बाई पदर तोंडाला लावून आत पळायची आणि गृहस्थ गंभीर चेहऱ्याने पुढे चालू लागायचे.

हे आमचे जकातनाना. खरं नाव दत्तात्रय, पण ते पेन्शनच्या कागदापुरतं. सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली, त्यामुळे समोरून काहीही हललं की नानांच्या तोंडून तीन प्रश्न आपोआप सुटायचे. "माल काय? कुठून आला? कुठं चालला?" माझं लग्न होऊन बायको पहिल्यांदा केडगावात आली, तेव्हा टांग्यातून उतरताच ओट्यावरून आवाज आला, "माल काय?" ती बिचारी घाबरून म्हणाली, "लाडू." त्या संध्याकाळी नानांकडे चार लाडू पाठवावे लागले. जकात ती जकात!

नानांची बायको फार पूर्वी गेली होती. मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावरही ते सकाळी जेवून नाक्यावर जायचे आणि नव्या कारकुनाशेजारी स्टूल टाकून बसायचे. कारकून कंटाळायचा, पण बोलायचा नाही. एकदा मी नानांना विचारलं, आता तिथं काय काम असतं? तर म्हणाले, "काम कसलं, मास्तर? आख्खी दुनिया माझ्यापुढून गेली. थांबली, पावती घेतली आन् गेली. आता नुसती जाताना बघतो."

दसरा झाला की पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या बैलगाड्या नाक्यावरून जायच्या. गाडीत भांडी, कोंबड्या, तान्ही पोरं, सगळा संसार. आणि गाडीखाली, सावली धरून चालणारं घरचं कुत्रं. दुष्काळाच्या त्या साली अशाच एका गाडीखालचं कुत्रं नाक्यावर मटकन बसलं ते उठेचना. गाडीवाल्याची बायको राधाबाई खाली उतरली.

"चांद्या हाय ह्यो. मागचे पाय गेले बगा त्याचे. घरी सासूपाशी ठिवला हुता, तर गाडी निघाल्यावर मागनं आला. किती हाकलला, न्हाईच गेला. आता गाडीत पाय ठिवायला जागा न्हाई, नाना. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या, परत जाताना नेतो. सासूला दिसत न्हाई. दाराशी तिला ह्योच एक आधार हाय."

जन्मभर लोकांचा माल थांबवून सोडून देणाऱ्या नानांनी पहिल्यांदाच माल ठेवून घेतला. नुसता ठेवला नाही, तर छाती पुढे काढून सांगितलं, "न्या खुशाल. चालता देतो!"

झालं. दुसऱ्या दिवशी नाना चांद्याला टांग्यात घालून शहरात जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, सांधे धरलेत. शेक द्या, हलक्या हाताने चोळा, गुळगुळीत फरशीवर चालवू नका, रोज थोडं फिरवा, पण दमवू नका. नानांनी हे सरकारी हुकमासारखं ऐकलं. घरातल्या शहाबादी फरशीवर पोत्यांचा रस्ता तयार झाला. खाटेपासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. पाहुण्याने पोत्याबाहेर पाय टाकला की नाना ओरडायचे. तव्यावर निर्गुडीचा पाला गरम व्हायचा आणि त्याच्या वासाने आळीतल्या गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या नानांच्या ओट्यावर जमायच्या. नाना म्हणायचे, "आधी चांद्याचा नंबर."

पण चांद्या चालेना. नानांनी दोरी ओढून पाहिली, भाकरी दाखवून पाहिली. उचलून उभा केला की उभा राहायचा आणि खाली बसायचा. एकदा दारावरून एक बैलगाडी गेली, तर हा पुढच्या दोन पायांवर फरफटत तिच्याकडे निघाला. नाना बघतच राहिले. जन्मभर गाडीखाली चाललेल्या कुत्र्याला डोक्यावर गाडी नसेल तर चालायचं कशाला, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्याच दिवशी एका भाजीवाल्याची जुनी हातगाडी घरी आली आणि नानांचं एक धोतर उभं फाडलं गेलं.

चांद्या गाडीखाली गेला आणि चालला! वेडावाकडा, पट्ट्यावर रेलत, पण चालला. आळीने हसून घेतलं. मीही हसलो. नानांना त्याचं काही नव्हतं. "मास्तर, चालतोय. आता फक्त आपला आपण उठायला पायजे," एवढंच ते म्हणायचे. कारण चांद्या चालायचा, पण स्वतः उठायचा नाही. रोज नानांनी कमरेखाली हात घालून "हं, उठा सरकार" म्हणायचं, तेव्हा स्वारी उठणार. गाडीवाल्यांची आंधळी म्हातारी त्याला कशी उठवणार, या काळजीने नाना झुरत होते.

संक्रांत गेली तसं मला एक दिसू लागलं. पूर्वी नाना कारखान्याकडून येणाऱ्या ड्रायव्हरांना उत्साहाने विचारायचे, ऊस किती राहिला? आता विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आधी दुसरीकडे बघायचे. त्या वर्षी ऊसच कमी. होळीच्या आधीच गाड्या परतल्या.

राधाबाई दारात आली. चांद्याने तिला ओळखलं, शेपटीने पोतं झोडपलं. नानांनी त्याला उठवलं, आणि चांद्या चालत जाऊन तिच्या गाडीखाली उभा राहिला. राधाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाना, बोलला तसा चालता दिलात!"

"थांबा," नाना म्हणाले. "पट्टा कसा धरायचा, दाखवतो." त्यांनी दाखवला. मग चढावर त्याला गाडीत कसा बसवायचा ते दाखवायचं राहिलं, म्हणून गाडीबरोबर निघाले. मी सायकलवरून सोबत गेलो. शहर मागे पडलं, भिंगार आलं. नानांचं दाखवणं संपेना.

"नाना, आता फिरा मागं," राधाबाई हळूच म्हणाली.

"घरी जाऊन काय करू, बाई?" नाना म्हणाले. तिने गाडीतली एक घागर मांडीवर घेतली आणि नानांना बसायला जागा केली. मी एकटाच परतलो. गंमत बघायला गेलो होतो, पण येताना मला फार भरून आलं.

दोन-तीन दिवसांनी नाना दुपारच्या एस.टी.ने परत आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. पोत्यावर बसून ते पायातले काटे काढत होते.

"पोचवला?"

"पोचवला. म्हातारीनं त्याच्या पाठीवरनं हात फिरवला आन् रडली. तिच्या पायाशी बसवून मी निघालो." नाना पाणी प्याले. "अंगणाच्या फाटकापाशी पोचलो, तर मागनं राधाबाई वरडली, 'नाना, उठला बगा! आपला आपण उठला!'"

"अरे वा! मग कसा उठला? चालला का?"

"काय की," नाना म्हणाले. "मी वळलोच न्हाई, मास्तर. वळलो असतो तर आलाच असता की माझ्यामागं."