आबांना झोप लागलेली गाडी

योगिनी सोलापूरच्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्यापासून आठवड्यातून तीन दिवस इंदापूरजवळच्या कळंबहून जुन्या जीपने जात होती. चार महिन्यांत तिची कंबर अशी धरली, की जीपमधून उतरल्यावर सरळ उभं राहायला दोन मिनिटं लागत. शेवटी तिने नवऱ्याला, शंभूराजला बजावलं, "हायवेला बरी पडंल अशी गाडी बघा, न्हायतर मी राजीनामा देते."

गाडी जुनीच घ्यायची हे ठरलं, पुढचं ठरेना. शंभूराजला उंच गाडी हवी होती, योगिनीला आरामाची सीट. म्हणून निवाड्याला सासरे सिद्धूआबा बरोबर येऊ लागले. आबांना कुठल्याच वाहनात झोप लागत नसे, त्यामुळे बारीकसा खडखडाटही त्यांच्या कानातून सुटत नसे. मागच्या सीटवर बसून त्यांनी आतापर्यंत सहा गाड्या नापास केल्या होत्या.

सातवी, चंदेरी रंगाची, इंदापूरला हायवेलगत आप्पासाहेबांच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात होती. शंभूराजने योगिनी आणि आबांना बसवून ती भिगवणच्या दिशेने दहा-बारा किलोमीटर नेऊन परत आणली.

"बुटकी हाय. जमिनीवर बसल्यागत वाटतं," तो म्हणाला.

"तुमाला गाडी घ्यायचीय का मचाण?" योगिनी म्हणाली.

भांडतच दोघांनी गाडी पत्र्याच्या सावलीत लावली, काचा उघड्या टाकल्या आणि भांडतच पलीकडची उंच पांढरी गाडी ट्रायलला काढली. आबा नेहमीप्रमाणे चहाला गेले असतील, असं दोघांनी गृहीत धरलं. आबा मात्र मागच्या सीटवर गाढ झोपले होते.

पाचच मिनिटांत बारामतीजवळच्या जळोचीचे अविराज आणि प्रतिक्षा हे जोडपं आलं. आप्पासाहेब ऑफिसात कागदांत बुडालेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "किल्ली गाडीलाच हाय. फिरवून आणा."

अविराजने दार उघडलं, तर मागे फेटेवाले आजोबा.

"गाडी कुणी पळवू न्हाय म्हणून माणूस बसवलाय वाटतं," तो कुजबुजला.

"झोपू दे बिचाऱ्याला," प्रतिक्षा म्हणाली.

पळसदेव ओलांडल्यावर आबांना जाग आली. पुढे मुलगा नाही, सून नाही. भलतीच माणसं. आबांनी फेटा सारखा केला आणि बेतानेच विचारलं, "पाव्हणं, कुठं निघालो आपण?"

"ट्रायल घेतोय, आबा. तुमी रोज बसता हिच्यात. खरं सांगा, गाडी कशी हाय?"

आबांना 'रोज'चं काही कळलं नाही, पण प्रश्न कळला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "आज पैल्यांदा मला गाडीत डोळा लागला," ते म्हणाले. "आणखी काय सांगू?"

अविराज-प्रतिक्षाने एकमेकांकडे पाहिलं. अविराजने गाडी कडेला घेऊन आप्पासाहेबांना फोन लावला.

इकडे पांढऱ्या गाडीत योगिनीचं डोकं तीनदा छताला लागलं होतं. परत येऊन बघतात, तर चहाच्या टपरीवर आबा नाहीत. शंभूराजने फोन केला, तो योगिनीच्या पर्समध्ये वाजला. आबांनी तो सकाळी तिथेच ठेवायला दिला होता. दोघं एसटी स्टँडपर्यंत जाऊन आली. घामाघूम होऊन परतताना योगिनी थबकली.

"अहो, चंदेरी गाडीतनं परत येताना आबा एक शब्द बोलले न्हाईत."

"मग?"

"बोलले न्हाईत म्हंजे झोपले असणार. त्या गाडीत आबा झोपले."

दोघं धावत ऑफिसात गेली. "आप्पासाहेब, ती चंदेरी गाडी आमी घेतली," शंभूराज धापा टाकत म्हणाला.

"आत्ताच गेली की ती. गिऱ्हाइकाचा रस्त्यातूनच फोन आला," आप्पासाहेब म्हणाले. "पर मागं कुणीतरी म्हातारा हाय म्हणत्यात. आपला तर न्हाय कुणी."

एवढ्यात गाडी आत आली. अविराजने अदबीने दार धरलं आणि आबा उतरले. सगळा उलगडा झाल्यावर आबांनी मान खाली घातली. "पोरी, मीच तुझी गाडी इकली," ते योगिनीला म्हणाले. तिला रडावं की हसावं कळेना.

प्रतिक्षालाच वाईट वाटलं. "तुमी कुठं जायला घेत होता?"

"सोलापूर. सोमवार, बुधवार, शुक्रवार."

"मी पण तितंच जाते, दवाखान्यात पेशंटांचे डोळे तपासायच्या कामाला. वार पण तेच. एकटीला कंटाळा येतो. इंदापूरला थांबत जा, मी घेत जाईन. डिझेल निम्मं-निम्मं."

योगिनीने क्षणभरही विचार केला नाही. आबांचा चेहरा खुलला. आप्पासाहेबांनी सगळ्यांना चहा मागवला.

शंभूराजने मात्र चहाला हातही लावला नाही. गाडी बायकोसाठी घ्यायची होती हे खरं, पण आठवड्याचे उरलेले चार दिवस ती कुणी चालवायची, हे त्याने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.